भादव्यातला आंबा

सोमवार, २५ ऑगस्ट

पहाटे कुडाळला उतरलो तेव्हा पाऊस फलाटावर आडवा मारत होता. पाठीवर सॅक, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात छत्री, आणि बायकोच्या पोटाशी दुपट्यात गुंडाळलेली आमची साडेचार महिन्यांची मुलगी. अख्खी रात्र झोपली आणि स्टेशनवर उतरल्याबरोबर जी रडायला लागली ती रिक्षात बसेपर्यंत थांबली नाही. रिक्षावाला म्हणाला, "गावचा वारो लागलो तिका."

ज्यांना तान्ह्या पोराला घेऊन चवथीला, म्हणजे गणपतीला, गावी जायचंय त्यांच्यासाठी: आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं. आम्ही २५ जूनला दोघं दोन फोन घेऊन बसलो होतो, तेव्हा कुठे एक खालचा आणि एक मधला बर्थ मिळाला. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. मच्छरदाणी मात्र घरूनच न्या. छत्रीसारखी उघडणारी मिळते, ती बेस्ट.

घरी पोचलो तर आजी पडवीत खुर्चीवर बसलेली. आधारकार्डाच्या हिशेबाने ती सत्त्याऐंशी वर्षांची. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, तरी संध्याकाळनंतर तिला माणसं आवाजावरूनच ओळखावी लागत. बारसं आम्ही मुंबईत उरकलं होतं, ह्याचा राग तिने चार महिने फोनवर धरला होता. मला वाटलं, आधी ते निघेल. पण तिने नुसते हात पुढे केले. "हाड हय. चेडवाक माज्याकडे दी."

मुलगी मांडीवर घेतल्यावर तिने बघितलं कमी आणि चाचपलंच जास्त. टाळू, कान, मग मनगटं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत मनगट धरून सोनार बांगडीचं माप घेतो तसं माप घेतलं. शेवटी नाक. "नाक माजां घेतल्यान," असा निकाल दिला आणि चहा मागितला.

दुपारी बाबांनी माळ्यावरून पाळणा काढला. ह्याच पाळण्यात मी, माझ्याआधी बाबा, आणि त्याआधी कोण कोण झोपलं ते कुणालाच सांगता येईना. पितळी साखळ्या चिंचेने घासल्या. जुना पाळणा वापरणार असाल तर साखळीपेक्षा वरचा आकडा तपासा. आमच्या पाळण्याचा आकडा झिजून निम्मा झाला होता. बाबांनी वीस किलो तांदळाचं पोतं आत ठेवून तासभर झोका दिला, तेव्हा आजीने परवानगी दिली. त्या संध्याकाळी दिवेलागणीला तिने स्वतः मुलीला पाळण्यात घातलं आणि कानात तिचं नाव तीनदा सांगितलं. मुंबईचं बारसं रद्द.

मंगळवार, २६ ऑगस्ट

आदला दिवस माटीचा. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो: गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं-फुलं बांधतात. कवंडळं, कांगलां, हरणां, शेरवडां, सुपारीची शिपटं, नारळ, तवसं. काही आता बाजारात जुडी करून मिळतं, पण काकाला ते चालत नाही. तो, मी आणि दोन चुलत पुतणे सकाळी डोंगरावर गेलो आणि भिजून चिंब होऊन परतलो. कवंडळं सापडली चारच. एक पुतण्या म्हणाला, एआयने फोटो काढून लावूया. काकाने त्याला जळवांवरचं मीठ आणायला पाठवलं.

बायको अकोल्याची. तिच्या माहेरी गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. दोन उभ्या मूर्ती, मुखवटे, साड्या, दागिने, सोळा भाज्यांचा थाट. आमच्याकडे गौर म्हणजे तेरड्याचे मोड साडी नेसवून उभे करायचे. आजीने तिच्याकडून महालक्ष्म्यांची सगळी हकिगत ऐकून घेतली. दोन साड्या लागतात म्हटल्यावर तिचा चेहरा जरा पडला, मग म्हणाली, आमची एकटीच येते, पण बांधावरून चालत येते. बायकोने गौरीसाठी आणलेली हिरवी इरकल तिच्या मांडीवर ठेवली. आजीने काठ बोटांनी चाचपला आणि ती साडी स्वतःच्या कपाटात ठेवायला सांगितली. "रविवारी काढतलंव."

बुधवार, २७ आणि गुरुवार, २८ ऑगस्ट

चवथ झाली तशी दरवर्षी होते. त्याबद्दल फार लिहीत नाही. मूर्ती शाळेतून, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यातून, काकाने डोक्यावरून आणली, पूजा साडेअकराला संपली, मोदकांच्या पहिल्या घाण्यातले अर्धे फुटले. भावकीची पाच घरं, पाच गणपती. रात्री घरोघर आरत्या म्हणत फिरायचं, मग भजन, मग काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव. दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी. बायकोला ती उसळीपेक्षा आवडली. मला तिचं आश्चर्य वाटतं.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. गेली पाच-सहा वर्षं आजी श्रावण लागला की एकच बोलायची, "चवतीत काय मी मरूचंय नाय. भावकेचे गणपती अडतीत." घरात कुणी गेलं की सुतक येतं, सुतक आलं की पाचही घरांचे गणपती त्याच दिवशी उचलावे लागतात, गौर येत नाही, पोरं हिरमुसतात. ती सून म्हणून आली त्या काळात असं एकदा झालं होतं, आणि ज्या म्हातारबाबांमुळे झालं त्यांचं नाव अजून जरा चिडूनच घेतात. आपल्याला त्या यादीत जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. कुणाला बरं नाही असं कळलं की ती आधी पंचांग बघायला लावायची.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

पाऊस थोडा उघडला म्हणून आम्ही दोघं पुतण्याची गाडी घेऊन सावंतवाडीला गेलो. मुलगी माझ्या आईकडे आणि आजीकडे. मोती तलावाला एक फेरी, मग चितारआळी. इथली लाकडी खेळणी सगळ्यांना माहीत असतात. तान्ह्या पोरासाठी घेणार असाल तर रंग कसला आहे ते विचारा, कारण ते पहिल्या मिनिटात तोंडात जाणार. बायकोने ठकी घेतली. मी फळं घेतली: सीताफळ, केळं, एक आंबा. आंबा बघून मी स्वतः फसलो होतो. देठाशी किंचित लाली, खाली पिवळा, एका बाजूला डाग. डागसुद्धा रंगवलेला.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. आजी पाळण्याची दोरी धरून बसलेली. मी काही न बोलता आंबा तिच्या हातात दिला.

"भादव्यात आंबो खयसून रे?"

मिळाला, म्हटलं. तिने तो दोन्ही हातांत फिरवला, देठाकडून नाकाला लावला, पुन्हा लावला. मग तोंड वाकडं केलं. "वास नाय ह्येका. औषध मारून पिकयलेलो." आणि अंगठ्याने दाबून बघितला. दाबेना. नखाने टोकरला. टक् असा आवाज आला. क्षणभर ती गप्प. मग जी हसायला लागली ती खोकला येईपर्यंत. आई आतून धावत आली. आजीने तिला आंबा दिला आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, कापून आण सगळ्यांना. आईही सुरी घेऊन बसली. त्यावर पुन्हा हसणं.

त्या रात्री भजन आमच्याकडे होतं, दीडपर्यंत चाललं. आजी बाराला उठून आत गेली. जाताना भजनीबुवांना उसळ पुरली का, हे विचारून गेली.

शनिवार, ३० ऑगस्ट

पहाटे पाचला आई चहा घेऊन तिच्या खोलीत गेली आणि परत आली ती चहा हातात घेऊनच. कप कट्ट्यावर ठेवला, बशीने झाकला, आणि मग बाबांना उठवलं.

पहिली पंधरा मिनिटं कुणी मोठ्याने रडलं नाही. का, ते लिहायला मला लाज वाटते, पण खरं तेच लिहितो. सगळ्यांच्या मनात तिचंच वाक्य होतं. बाहेर माटीखाली समई जळत होती आणि आत ती. काकाने पहिला फोन डॉक्टरांना केला, दुसरा भटजींना. तिसरा करायचा होता मुंबईच्या चुलतभावाला. त्याच्या नव्या फ्लॅटमधला हा पहिलाच गणपती, उद्या गौर. काका म्हणाला, त्याला दोन दिवस कळवू नका, कळल्यापासून सुतक. बाबा नको म्हणत होते. वाद चालू होता तेवढ्यात, सहा वाजून दहा मिनिटांनी, वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी हार घातलेला फोटो टाकला, "भावपूर्ण श्रद्धांजली". खाली गुलाबाची फुलं. प्रश्न मिटला. त्याने तिकडे गणपती उचलला आणि संध्याकाळची गाडी पकडली.

आता आपण कुणी मूर्तीला हात लावायचा नाही. आपण म्हणजे भावकीतल्या पाच घरांतली एकूण त्रेचाळीस माणसं. चाकरमानी, पोरंबाळं, जावा-जावा, सगळे सुट्टी काढून आलेले, आणि एकही उपयोगाचा नाही. साडेसहाला वाटेपलीकडची काकी आली. तिचं आडनाव वेगळं, कूळ वेगळं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या काकाचं तिच्याशी गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावरून, कडाक्याचं भांडण झालं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद. ती खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी राहिली आणि म्हणाली, "तुमी कशाक हात लावू नुकात. आमी आसंव."

तिच्या दोन मुलांनी आंघोळ करून आमच्याकडे उत्तरपूजा केली. मग शेजारच्या घरी. मग पुढच्या. आठच्या सुमारास पाच गणपती एकामागून एक व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, निघाले. ढोल नाही, "पुढच्या वर्षी लवकर या" नाही, फक्त छत्र्यांवर पावसाचा आवाज. आम्ही सगळे कडेला उभे, आपापल्या खळ्यात. एक सहा वर्षांची पुतणी विचारत होती, बाप्पा का चाललाय, अजून गौरी कुठे आली. तिला उत्तर देणारा कुणी नव्हता. तिने मग काकीच्या मुलालाच विचारलं. तो म्हणाला, आजीला सोबत हवी होती म्हणून. मला ते उत्तर तेव्हा गोडगोड वाटलं होतं. पुतणीला मात्र ते पटलं.

आजीला दुपारी नेलं. लाकडांचा प्रश्न नव्हता. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात परसातला रायवळ आंबा आडवा झाला, तेव्हा तिने तो विकू दिला नाही. कापून, फोडून मांगरात रचून घेतला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, हे माझं. चार पावसाळे ते लाकूड तिथे कोरडं ठणठणीत पडून होतं. भादव्यातल्या धो धो पावसात, गळक्या शेडखाली, ते पहिल्या काडीला पेटलं.

त्या दिवशी आमची चूल पेटली नाही. काकीकडून पेज आली, दुसऱ्या एका घरून पिठीभात. मुलीच्या आईसाठी काकीने वेगळा डबा पाठवला होता, सढळ हाताने तूप घालून केलेला. आमच्या आत्याने विचारलं, सुतकात हे चालतं का. काकीचं उत्तर: "पोराच्या आवशीक कसलां सुतक? तां खाल्ल्यान तर चेडवाच्या पोटात जातलां."

रविवार, ३१ ऑगस्ट ते शनिवार, ६ सप्टेंबर

रविवारी गौरी आल्या. आमच्याकडे नाही. बायको मुलीला घेऊन खळ्याच्या कडेला उभी होती. समोर काकीच्या सुना व्हाळावरून तेरडा घेऊन चालत येत होत्या, बांधावरूनच. हिरवी इरकल कपाटातच राहिली.

पुढचे दिवस एकसारखे. सकाळी भेटायला येणारे, दुपारी गरुडपुराण, रात्री फोडणी नसलेलं जेवण. भेटायला येणारा प्रत्येकजण पाळण्याकडे बघून म्हणायचा, "एक गेली, एक आली." पहिल्यांदा बरं वाटलं. दहाव्यांदा मी उठून आत गेलो. मुलगी आली एप्रिलमध्ये, आजी गेली ऑगस्टमध्ये. ही काही रिकाम्या खुर्चीवर येऊन बसलेली नाही. मधले पाच दिवस दोघी एका घरात होत्या, हिचं मनगट तिच्या चिमटीत होतं, ते कुणी मोजतच नाही.

पण दुसरी बाजूही सांगतो. एरवी आम्ही चवथीला येतो ते गौरीबरोबर पळतो. ह्या वेळी तेरा दिवस कुणाला हलता आलं नाही. करायला काम नाही, हात लावायला देव नाही. जे काकाशी वीस वर्षं फक्त "कधी इलंस" आणि "कधी चललंस" एवढंच बोलले ते पडवीत बसून तासन् तास बोलत होते. काकीचा मुलगा रोज दूध घालायला यायचा. गडग्याचा विषय कुणी काढला नाही. चौथ्या दिवशी काकाने स्वतः जाऊन दोन दगड इकडचे तिकडे केले, एवढं मी बघितलं.

कामाच्या गोष्टी, कारण आम्हाला कुणी सांगितल्या नव्हत्या. माणूस घरी गेलं तर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला त्याच दिवशी घ्या. नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्याच ग्रामपंचायतीत होते, तुम्ही राहता तिथे नाही. २१ दिवसांच्या आत केली तर विलंब शुल्क लागत नाही. सुतकात कागदाला हात लावायचा नाही असं काही नसतं, आम्ही बुधवारी जाऊन आलो. दाखल्याच्या सात-आठ प्रती घ्या, बँक, पेन्शन, रेशनकार्ड सगळीकडे एकेक जाते. जमीन नावावर असेल तर वारसनोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायचा. भावंडं एकत्र आहेत तेव्हाच सह्या करून टाका. आणि ऑफिसला पहिल्याच दिवशी तेरा दिवस सांगा, तीन-तीन दिवस वाढवून मागू नका. नेटवर्क आमच्याकडे फक्त विहिरीच्या कठड्यावर येतं. माझ्या दोन मीटिंगा तिथे झाल्या, मागे बेडकं.

ग्रामपंचायतीत जन्मतारीख विचारली. आधारकार्डावर १ जानेवारी १९३८. बाबा म्हणाले, ती लावणीच्या दिवसांतली. समोरच्या माणसाने मान हलवली आणि १ जानेवारीच लिहिलं. त्या रजिस्टरात वरच्या दोन नावांची तारीखही १ जानेवारीच होती.

रविवार, ७ ते गुरुवार, ११ सप्टेंबर

सात तारखेला खग्रास चंद्रग्रहण. पुतणे खूष: सुतक आणि ग्रहण, दोन्ही एकदम. आत्या दारं लावून बसल्या. आम्ही चौघं-पाचजण खळ्यात. अकरापर्यंत नुसते ढग. साडेअकराच्या आसपास मिनिटभर फट पडली आणि तांबूस, मळकट, जुन्या तांब्याच्या बुडासारखा चंद्र दिसला. काकी तिच्या खळ्यातून ओरडली, दिसला काय? दिसला, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दहावा. पिंडाला कावळा आम्ही मागे फिरायच्या आत शिवला. काकाला जरा वाईटच वाटलं. त्याने तिला द्यायची तीन-चार वचनं मनात तयार ठेवली होती, त्यात गणपती अडवल्याबद्दल कुणाचा राग नाही, हेही एक होतं. तो ते नंतर घरी येताना, कावळ्याशिवायच, बोलला.

तेराव्याला गोडाचं जेवण. सव्वाशे पानं. वाढायला काकीची दोन्ही मुलं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

निघायच्या दिवशी सामान बांधत होतो. मुलीच्या पिशवीत बायकोने ठकी टाकली, सीताफळ, केळं टाकलं. आंबा सापडेना. नंतर दिसला, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, आजीच्या चष्म्याजवळ. आईने ठेवला होता. देठाजवळ नखाचा एक बारीक चरा होता. मी तो तिथेच ठेवला.

रिक्षा आली तेव्हा काकी गणपतीचा पाट घेऊन आली. विसर्जनानंतर पाटावर व्हाळातली मूठभर वाळू आणतात. सुतकात तो आमच्या घरात आणता येत नव्हता, म्हणून तिने पाचही घरांचे पाट तेरा दिवस आपल्या माजघरात, भिंतीला लावून ठेवले होते, कुठला कुणाचा ते कळावं म्हणून खडूने खुणा करून. वाळू सुकून पांढरी झाली होती. बायकोच्या कडेवरून मुलगी वाकली आणि तिने त्यात मूठ खुपसली. आई वाळू पुसायला धावली. काकीने तिला थांबवलं, पाट काकाच्या हातात दिला आणि कोपरा दाखवला.

"रंग उडालो ह्येचो. शाळेत देवच्याआदी काढून घे."

काकाने कोपरा बघितला. म्हणाला, "होय. आणि तुमचोय हाडून दी, एकदमच काढतंय."